बर्फातल्या बाईला नेसवताना

मी अजून बर्फ पाहिलेला नाही. तरी मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर काढायचा असला की माझा हात अडत नाही, कारण मी कापूस आठवते. परभणी जिल्ह्यात, बोरीच्या शिवारात आमची वस्ती आहे. वेचणी सुरू झाली की पुढच्या खोलीत कापूस साठायचा, खिडकीच्याही वर, आणि आम्ही भावंडं त्यात उडी मारून बुडायचो. आत गेलं की बाहेरचा आवाज बंद. माय हाक मारायची ती कुठल्या तरी लांबच्या गावातून आल्यासारखी वाटायची. सगळं पांढरं, उबदार, थोडं नाकात जाणारं. आमच्या संपादक मॅडम म्हणतात, तुझ्या बर्फात झोपावंसं वाटतं. हे कौतुक आहे की तक्रार, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी बंगळूरला राहते आणि एका मासिकासाठी चित्रं काढते. मासिक खेळांचं आहे, पण क्रिकेट-कबड्डीचं नाही. पट मांडून, पत्ते टाकून नाहीतर कॉम्प्युटरवर खेळायचे असे कल्पनेतल्या राज्यांचे खेळ असतात, त्यांचं. त्यात ड्रॅगन असतात, चेटकिणी असतात, तलवार घेऊन फिरणाऱ्या बाया असतात. मासिक इंग्रजीत निघतं. मला ते वाचायला वेळ लागतो, म्हणून मी आधी चित्रांवरून फिरते आणि मग हळूहळू मजकुरात उतरते, जसं नवीन विहिरीत उतरावं.

माझी शाळा नववीत सुटली. कुणी सोडवली नाही. सोयाबीनच्या काढणीला म्हणून घरी राहिले, काढणी संपली, हरभरा पेरला, आणि वर्गातल्या माझ्या बाकावर दुसरी मुलगी बसायला लागली. पुढे भावाच्या मोबाइलवर बोटाने चित्रं काढायचा नाद लागला. ती चित्रं मी नेटवर टाकायचे आणि ती एक दिवस मॅडमनी पाहिली. त्यांनी फोन केला तेव्हा मी गोठ्यात होते. त्यांनी माझी गुणपत्रिका मागितली नाही, कुठवर शिकलीस विचारलं नाही. एवढंच विचारलं की हे कापड कसं काढतेस, ते असं खरं कसं पडतं. त्या एका प्रश्नाचे उपकार माझ्यावर इतके आहेत की आजही त्यांनी केबिनमध्ये बोलावलं की मी ओढणी सारखी करत उठते. वाटतं, आता त्यांना कळलं असेल की ही नववीतून आलेली बाई आहे, आणि आता त्या मला प्रेमाने घरी पाठवतील.

कापडाचं उत्तर मी त्यांना तेव्हा दिलं नव्हतं. ते माझ्या मायजवळ आहे.

भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दोघी बहिणी, पुढे त्यांची पिल्लं. उभ्या पत्र्याच्या कोठ्यांवर कापडाचं धड बांधतात, त्याला हात बसवतात, आणि मग त्यांना साड्या नेसवतात. हे सगळ्यांना जमत नाही. कोठीला कंबर नसते, खांदा नसतो. निऱ्या धरल्या की सुटतात, पदर घसरतो. माझ्या मायच्या हातच्या निऱ्या मात्र बसतात त्या बसतात. म्हणून आवाहनाच्या दिवशी तिला वस्तीवरून, बोरीतून, एखाद्या वर्षी थेट झरीहून बोलावणं यायचं, आणि मी टाचण्यांचा डबा घेऊन तिच्या मागे. ती नेसवत असताना मी जमिनीवर बसून बघायचे. कापड कुठे ताणतं, कुठे दमतं, कुठे नुसतंच लोंबतं. माझं चित्रकलेचं शिक्षण झालं ते एवढंच.

पण चित्रातली उघडी बाई मी पहिल्यांदा पाहिली ती परभणीच्या उरुसात. तिथे एका तंबूच्या दारावर नागकन्येचा बोर्ड होता. वर बाई, खाली हिरवा साप, अंगावर मोकळे सोडलेले केस आणि थोडे दागिने, बाकी काही नाही. मायने माझा हात ओढला. मी चालत राहिले पण मान मागेच होती. मला तिच्या अंगाचं काही वाटलं नव्हतं. मला वाटलं, ही बाई पाण्यातून आली असेल, आणि हिला घरी कुणी हाक मारत नसेल. किती तरी दिवस मी तिला स्वप्नात बघत होते. कॅनॉलच्या पाण्यातून ती सरसर येई, रहाटाच्या दांड्याला वेटोळं घाली आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली जाई. म्हणून, असली चित्रं वाईटच, असं मला सरळ म्हणता येत नाही. त्या बोर्डाने मला एक दार उघडून दिलं. माझा हात ज्या बाईने ओढला तिने दुसरं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

शहरात खेळांचा मोठा मेळावा असतो, तिथे आमच्या मासिकाचं टेबल होतं आणि त्यामागे मी बसले होते. त्या अंकाचं मुखपृष्ठ माझं नव्हतं, आमच्याकडे चित्रं देणाऱ्या एका जुन्या कलाकाराचं होतं. बाई रणांगणात उभी, अंगावर लोखंडाचे तीन तुकडे, तेही खाली पडतील की काय असे. एक शाळकरी मुलगी वडिलांबरोबर आली. तिने अंक उचलला, आतली पानं भराभर चाळली, तिचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात वडील वळले. तिने अंक उलटा करून छातीशी धरला, मागची जाहिरात बाहेर येईल असा. वडिलांनी काय आहे विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली आणि अंक तसाच पालथा टेबलावर ठेवून गेली. मी तो सुलटा केला नाही. बराच वेळ तो पालथाच होता.

मी हे ऑफिसात सांगितलं. अंकाची पानं लावणारे आमचे दादा म्हणाले, मुखपृष्ठावर पुरुषही उघडेच असतात की, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. मला गावच्या जत्रेतली कुस्ती आठवली. पैलवान लंगोटावर असतात, अंगाला माती, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. दादांचं चूक म्हणावं असं काही सुचेना, पण बरोबरही वाटेना. मॅडम म्हणाल्या, ती मुलगी एक, आणि हे चित्र बघून अंक उचलणारे दहा. तो अंक कुणी उचललाच नाही, तर आतल्या पानांचं काय? त्याही बरोबर होत्या. मग त्यांनी दिवाळीच्या विशेष अंकाचं मुखपृष्ठ मला दिलं. माझं पहिलं. खाली कोपऱ्यात माझं नाव येणार होतं. बर्फातली लढवय्यी हवी होती, मागे ड्रॅगन, आणि थोडी मोकळी, त्या म्हणाल्या. मोकळी म्हणजे काय ते मला कळलं. मी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मी नेहमी डोळ्यांपासून सुरुवात करते. त्या बाईचे डोळेही आधी केले, अर्धे मिटलेले, अंक हातात धरणाऱ्याकडे बघणारे. ओठ केले. मग अंग, मग लोखंडाचे तुकडे. चित्र चांगलं झालं. पण एक गोष्ट राहून राहून मनात यायची. नाव छापलेला पहिला अंक मायला दाखवायचा, हे मी बंगळूरची गाडी धरली तेव्हापासून मनात धरून होते. तिला वाचता येत नाही. तिला चित्रच दिसणार होतं. आणि मला दिसत होतं की मी तो अंक तिच्यासमोर पालथाच ठेवणार.

महालक्ष्म्यांना सुट्टी मिळाली. चित्र पुरं करायचं होतं म्हणून टॅबलेट टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतला. परभणीला उतरून जिंतूरची बस धरली. झरी मागे पडली तशी खिडकीतून सोयाबीनचा हिरवा वास आत आला आणि मला डुलकी लागली. डुलकीत ती बाई दिसली. आमच्या शेताच्या धुऱ्यावर उभी होती, कपाशीला नुकती फुलं लागलेली, आणि ती दंडांवर हात चोळत होती. तिला थंडी वाजत होती. कंडक्टरने बोरी बोरी म्हणून हाळी दिली तेव्हा जाग आली. माझ्याच अंगावर काटा होता, खिडकीतल्या वाऱ्याने.

आवाहनाच्या दिवशी मायने पुढच्या खोलीचं दार अडवून घेतलं. तिची रीत पक्की आहे. आधी नेसवायचं, मग मुखवटा चढवायचा. डोक्यावरचा पदर तेवढा शेवटी. नेसवणं चाललेलं असताना दारावर जुनं धोतर आडवं बांधायचं आणि गड्यामाणसांनी आत यायचं नाही. मुखवटे तोवर परातीत, तांदळावर, कापडाखाली झाकलेले. लहानपणी मी विचारलं होतं की आधी मुखवटा लावला तर काय होतं, तर म्हणाली, मुखवटा चढला की ती बघायला लागते.

मी दाराजवळच्या कोपऱ्यात टॅबलेटवर ड्रॅगनचे खवले करत बसले होते. टाचण्या घ्यायला माय वाकली आणि तिला टॅबलेटचा पडदा दिसला. मी झाकायला हात नेला, पण उशीर झाला होता. ती खाली बसली, चष्मा नाकावर सारला आणि बघत राहिली. मी वाट बघत होते की आता आवाज चढेल. तिने बोटाने त्या बाईच्या पायाखाली दाखवलं.

"ह्यो कापूस हाय का?"

"बर्फ हाय माय."

"आस्सं." मग तिने वर बघितलं, त्या तोंडाकडे, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आगं, तू तोंड आधी केलंस व्हय?"

मी म्हणाले, मी तोंडच आधी करते.

"मग आता नेसवशील कशी? बघायलीय की ती."

तिला वाटलं होतं, काम अर्धवट आहे. तिला वाटलं होतं, लुगडं अजून घडी घालून कुठंतरी ठेवलंय आणि पोरगी क्रम चुकली. मी सांगू शकले असते की चित्र एवढंच आहे. हळू आवाजात सांगितलंही, की माय, ही अशीच छापणार हायेत. तिने मान हलवली, ऐकू न आल्यासारखी नाही, ऐकून बाजूला ठेवल्यासारखी. दारावरच्या धोतराचं खाली लोंबणारं टोक ओढून तिने टॅबलेटवर टाकलं.

"ऱ्हाऊ दे झाकून," ती म्हणाली. "ऊठ, थोरलीच्या निऱ्या घाल. माझं गुडघं दुखायलंय."

मायने निऱ्या मला दिल्या, हे आधी कधी झालं नव्हतं. साडी जांभळी होती, काठ जरीचे, नवी असल्यामुळे ऐकत नव्हती. मी बोटांत निऱ्या धरल्या आणि खोली हळूहळू लांब गेली. धोतरातून ऊन पिवळं होऊन आत येत होतं. बाहेर सोळा भाज्यांची निवडणी चालली होती, बाया हसत होत्या, ते सगळं कापसातून ऐकू आल्यासारखं. समोर बिनतोंडाची ती उभी. तिला नेसवताना लाज वाटत नव्हती, तिला नाही आणि मलाही नाही, कारण तिथे अजून बघणारं कुणी आलेलंच नव्हतं. मग मायने परातीवरचं कापड काढलं, मुखवटा दोन्ही हातांनी उचलला आणि वर बसवला. डोक्यावर पदर आला. खोलीत एक माणूस वाढलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला त्या मुखपृष्ठात काय टोचत होतं. मी इतके दिवस कापड किती, ते मोजत होते. पैलवान उघडा असतो, पण त्याचे डोळे समोरच्या पैलवानावर असतात. त्याला अंगाकडे बघायला सवडच नसते. उरुसातली नागकन्याही उघडी होती, पण ती कुठून तरी आली होती आणि कुठे तरी जाणार होती. माझी बर्फातली बाई मात्र कुठेच चालली नव्हती. मागे ड्रॅगन जबडा उघडून उभा, आणि ही बाई गिऱ्हाइकाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ओवाळून झालं, वस्ती जेवून गेली, आणि मी ओट्यावर बसून टॅबलेटवर तिचं तोंड पुसलं. बिनतोंडाची झाली तशी ती मला एकदम ओळखीची वाटली. मग नेसवायला बसले. लोकरीचा जाड थर, त्यावर कातडं, त्यावर लोखंडी कड्यांचा अंगरखा. खाली कास घालावी तसं कापड मागे खोचून घेतलं, पळता यावं म्हणून. उजवा हात मी खांद्यापर्यंत उघडाच ठेवला, कारण त्या हातात ड्रॅगनच्या गळ्याचा दोर होता आणि दंड दिसायला हवा होता. दंडावर गोंदण काढलं, मायच्या दंडावर आहे तसं. सगळ्यात शेवटी डोळे. ते ड्रॅगनकडे वळवले.

परत गेल्यावर मॅडमसमोर टॅबलेट ठेवला आणि हात मांडीवर घट्ट धरून बसले. त्यांनी चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. मग म्हणाल्या, मी कपडे कमी सांगितले होते, तू वाढवलेस. मी पाठ करून आणलेली वाक्यं होती, हिंदीतली. ती तशीच राहिली.

"मॅडम, हे मला माझ्या आईला दाखवायचंय," एवढंच म्हणाले.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुझं मला कळतं, पण मला भीती वाटते ती दुसऱ्या बाजूची. आज आपण हिला झाकलं, उद्या कुणी येऊन सांगेल की सगळ्याच झाका, हातही झाका. आणि एखादी बाई स्वतःच उघडी उभी राहिली, मजेत, तर तिला काय करशील? मी थोडा विचार केला आणि म्हणाले की तिचं तोंडही तसंच करीन, मजेत असलेलं. त्या हसल्या. मग एक अट घातली. बाईने अंक बघणाऱ्याकडे बघायलाच हवं, नाहीतर दुकानात ती मागे राहील.

ही अट खरी होती, मला ती मोडता येईना. तिथेच बसून मी डोळे पुन्हा केले. नेसवणं चालू असताना कुणी न विचारता धोतर सारलं, की मायची मान वळायची. हातातलं काम सुटत नसे, राग नसे, फक्त एक नजर, की काय पाहिजे. तशी नजर केली. हात दोरावर, मान वळलेली. मॅडमनी ते पाहिलं आणि खुर्ची नकळत थोडी मागे सरकवली. चित्र छापायला गेलं.

अंक आल्यावर काही वाचकांनी कळवलं की मासिक भित्रं झालं, बायका गुंडाळायला लागलं. काहींना आवडलं. एकाने विचारलं की बर्फ इतका उबदार का दिसतो. खप वाढला की घटला ते मॅडमनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, भीतीने. त्यापुढचं मुखपृष्ठ त्या जुन्या कलाकाराचं होतं, त्यातली बाई पुन्हा तशीच, लोखंडाचे तुकडे लावलेली. पण तिच्या पाठीवरचा उजेड इतका सुंदर होता की मी तो अंक कितीदा तरी उघडून बघितला. म्हणजे माझ्या मनातलं अजून मिटलेलं नाही. फक्त आता चित्र सुरू करताना तोंडाची जागा कोरी सोडते. दादा विचारतात, ही भुतं कसली काढतेस. मी म्हणते, अजून यायची आहे ती.

दिवाळी अंक मी भावाच्या पत्त्यावर पाठवला होता. मायने तो बघितला, बरं झालं म्हणाली, आणि ट्रंकेत ठेवला असं कळलं. एवढ्यावर मी समाधानी होते.

पुढच्या भादव्यात मला जाता आलं नाही, अंकाचं काम होतं. पूजनाच्या दिवशी भावाने फोन लावून दिला. आरास दाखवायला त्याने कॅमेरा फिरवला. महालक्ष्म्यांपुढे दरवर्षीसारखं सगळं मांडलेलं, करंज्या, लाडू, मातीचे बैल, प्लॅस्टिकचा पोपट, भाच्याची मोटार. त्या मोटारीमागे भिंतीला टेकवून, सुलटा, माझा अंक उभा होता. त्याच्या कोपऱ्याला मायने हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. मी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आजूबाजूला दिसत होत्या, कुणीतरी विचारत होतं की देवीपुढं ह्यो सरडा कशाला बसवलाय, आणि बाकीच्या हसत होत्या.

माय कॅमेऱ्यात आली, अर्धीच, कपाळ आणि चष्मा.

"बाया इचारायल्यात, ही कोन," ती म्हणाली. "मी म्हनलं, मला न्हाई ठावं कोन हाय. पन आमच्या पोरीनं नेसवलीय."